नापास माल

आमच्या मामांनी आयुष्यभर हातोडीने वस्तू फोडल्या आणि त्याबद्दल पगार घेतला. निवृत्त झाल्यावर त्यांनी एकच वस्तू फोडली, तीही फुकट, आणि नेमकी ती चांगली निघाली.

मामा कपबशांच्या कारखान्यात तपासनीस होते. भट्टीतून निघालेला माल त्यांच्या टेबलावर यायचा. मामा कप उचलायचे, कडेवरून बोट फिरवायचे, कानाशी नेऊन नखाने टिचकी मारायचे आणि पास किंवा नापास एवढंच म्हणायचे. नापास झालेला कप तिथल्या तिथे हातोडीने फोडून पिंपात टाकायचा, असा नियम होता. कारण तो तसाच ठेवला तर कुणीतरी मागच्या दाराने विकतं, नाहीतर तो चुकून परत चांगल्या मालात मिसळतो. हा नियम कारखान्याने मामांना शिकवला की मामांनी कारखान्याला, हे मला अजून कळलेलं नाही.

आम्ही भाचरं त्यांना नापासमामा म्हणायचो, अर्थात त्यांच्यामागे. माझी पहिली स्कूटर मी हौसेने त्यांना दाखवायला नेली, तर त्यांनी टाकीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "रंग पातळ लावलाय." रंग पातळ होता, हे खरंच आहे. पण नवी गाडी घेऊन दारात उभ्या राहिलेल्या माणसाला हे सांगायचं असतं का? या सगळ्या तपासणीतून मामी कशी पास झाली, असं आम्ही चेष्टेने विचारायचो. मामी शांतपणे सांगायची, "पास कसली होतेय! त्या दिवशी साहेबांचा चष्मा घरी राहिला होता."

मामा निवृत्त झाले आणि घरातल्या सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. दिवसभर घरात तपासनीस आणि तपासायला फक्त मामी. ताईने, म्हणजे मामांच्या एकुलत्या एका मुलीने, यावर तोडगा काढला. ती दुसऱ्या शहरात राहते. एका सुट्टीत आली तेव्हा तिने बुटांच्या खोक्याएवढी एक काळी पेटी आणली आणि वायफायला जोडून टीव्हीशेजारच्या फळीवर ठेवली. पेटीत दोन डिस्क होत्या. नातेवाइकांनी कुठूनही फोटो पाठवले की ते पेटीत येऊन पडायचे आणि दोन्ही डिस्कवर जसेच्या तसे लिहिले जायचे. एक डिस्क गेली तरी दुसरी आहेच, अशी ती सोय. मामांनी पेटीला गोदाम असं नाव दिलं आणि आपली नेमणूक करून घेतली.

त्या दिवसापासून आमच्या खानदानात कुणाचाही फोटो मामांच्या हाताखालून गेल्याशिवाय राहिला नाही. आलेला प्रत्येक फोटो ते मोठा करून बघत. हललेला, नापास. कोपऱ्यात बोट आलंय, नापास. अर्धं डोकं कापलंय, डोळे मिटलेत, मागे कुणी जांभई देतंय, सगळे नापास, आणि नापास म्हणजे डिलीट. पास झालेल्या फोटोच्या कोपऱ्यात मामा तारीख छापायचे आणि तो नव्याने सेव्ह करून त्या त्या वर्षाच्या कप्प्यात टाकायचे. माझ्या लग्नातले माझे बरेचसे फोटो नापास झाले. तोंड उघडं, असा शेरा होता. माणसाच्या लग्नात त्याचं तोंड उघडं राहिलं तर त्यात दोष फोटोचा असतो का?

याच्यापुढची पायरी मामांनी स्वतःच्या अकलेने चढली. त्यांनी कुटुंबाच्या ग्रुपवर हुकूम काढला की गोदामात माल पोचल्याची पावती मिळाली की प्रत्येकाने फोनमधले फोटो काढून टाकावेत. फोन हरवतो, पाण्यात पडतो, चोरीला जातो. एका मालाचे दोन साठे ठेवले की घोळ होतो. कुणी ऐकलं, कुणी ऐकल्यासारखं केलं. मी दुसऱ्या गटातला, कारण माझ्या तोंड उघड्या फोटोंवर माझा जीव आहे. ताईने मात्र वडिलांचा शब्द म्हणून इमानदारीने ऐकलं. तिला तेव्हा नुकतीच मुलगी झाली होती. ताईची नोकरी पाळ्यांची, जावई सदा फिरतीवर, त्यामुळे मामी इकडचं घर सोडून तिकडे जाऊन राहिली आणि नात चालायला, बोलायला लागेपर्यंत तिथेच होती. त्या दोन वर्षांचे सगळे फोटो ताईने गोदामात पाठवले आणि फोनमधून पुसले. नातीचा पहिला दात, पहिलं पाऊल, पहिल्यांदा डोक्यावर ओतून घेतलेली पेज, सगळं गोदामात. नंतर तिने ते उघडून बघितलेही नाहीत. सांभाळून ठेवलेल्या गोष्टी कोण बघतं? त्या सांभाळलेल्या आहेत, यातच समाधान असतं.

मामा गोदामाची काळजीही कारखान्यासारखी घ्यायचे. अधूनमधून पेटी बंद करून दोन्ही डिस्क बाहेर काढायच्या, मऊ फडक्याने पुसायच्या आणि परत बसवायच्या. त्यांनी दोन्ही डिस्कवर चिकटपट्टी लावून सुबक अक्षरात एक आणि दोन असे आकडेही लिहिले होते. डिस्क पुसायच्या असतात असं जगातल्या कुठल्याही माहितीपुस्तकात लिहिलेलं नाही. पण धूळ दिसली आणि मामा गप्प बसले, असं झालेलं नाही.

एके दिवशी सकाळी पेटी पीं पीं करायला लागली आणि कॉम्प्युटरवर सूचना आली की एक नंबरची डिस्क खराब होत आली आहे, ती बदला. मामा मनातून खूश झाले असावेत. इतकी वर्षं मालाला नापास म्हणणारा माणूस, आणि आता एक यंत्र आपण होऊन म्हणतंय की माझ्यात दोष आहे. ते बाजारात गेले, नवी डिस्क आणली, एक नंबरची चिकटपट्टी असलेली डिस्क ओढून काढली आणि नवी बसवली. पेटीने विचारलं, दुसऱ्या डिस्कवरचं सगळं या नव्या डिस्कवर उतरवू का? मामांनी हो म्हटलं. आणि काढलेली डिस्क मागच्या अंगणात नेऊन, फरशीवर ठेवून, तिच्यावर हातोडीचे दोन घाव घातले. नापास माल परत लायनीत येता कामा नये.

पेटीला मामांच्या चिकटपट्टीशी काही देणंघेणं नव्हतं. पेटीच्या लेखी एक नंबर म्हणजे डावीकडचा पहिला खण. मागच्या पुसापुशीत मामांनी डिस्क परत बसवताना अदलाबदल केली होती. त्यामुळे पहिल्या खणात होती दोन नंबरच्या पट्टीची डिस्क, आणि खराब होती ती. मामांनी फोडली ती ठणठणीत होती. चुकले कुठे, तर स्वतःच्या अक्षरावर विश्वास ठेवला.

नव्या डिस्कवर नकल उतरायला सुरुवात झाली खरी, पण ज्या डिस्कवरून उतरायची तीच मरणपंथाला लागलेली. दुपारी मामी हॉलमध्ये भाजी निवडत बसली होती. ती म्हणाली, "अहो, तुमच्या गोदामातून कुणीतरी आतून दार वाजवतंय." डिस्क टक टक टक करत होती. मग तेही थांबलं.

मामांनी मला बोलावलं. मी पोचलो तोवर नातेवाइकांच्या सल्ल्यांचा पाऊस पडून गेला होता. माझ्या वडिलांनी फोनवरून ठामपणे सांगितलं होतं की अशी डिस्क फ्रीजमध्ये ठेवली की सुधारते. मामीला ती कोथिंबिरीच्या पिशवीखाली सापडली. "हिला ताप आलाय का?" एवढंच तिने विचारलं आणि ती पुसून माझ्या हातात दिली.

मामा खुर्चीत हाताची घडी घालून बसले होते. मी म्हटलं, "मामा, ताईला सांगितलं का?"

"सांगितलं."

"मग?"

"काही बोलली नाही. म्हणाली, आईला द्या फोन."

डिस्कमधून गेलेली माहिती परत काढून देणाऱ्या एक बाई आहेत, त्यांचा पत्ता मी ऑफिसातून मिळवला. टायरच्या दुकानावर जिना चढून गेलं की त्यांची खोली. आत डॉक्टरकडे असतो तसा पांढरा उजेड, टेबलावर निरनिराळ्या मापांचे पेचकस, आणि भिंतीजवळच्या कपाटात चिठ्ठ्या चिकटवलेल्या मेलेल्या डिस्क ओळीने मांडलेल्या. बाईंनी आधी फोडलेली डिस्क हातात घेतली आणि हळूच हलवली. आत काहीतरी खुळखुळलं.

"हे कोणी केलं?"

"मी," मामा म्हणाले.

"का?"

"नापास होती."

बाईंनी वर छापलेला क्रमांक आणि मी आणलेली पेटीची सूचना ताडून पाहिली. "नव्हती," त्या म्हणाल्या.

मामांच्या आयुष्यात त्यांचा निकाल कुणी फिरवल्याचं मी पहिल्यांदाच पाहत होतो. खरं सांगतो, इतकी वर्षं मी या क्षणाची वाट बघत होतो. स्कूटरच्या टाकीपासूनचा हिशेब होता. पण मामांनी तोंडात मारल्यासारखी मान खाली घातली आणि माझी सगळी मजा गेली.

बाईंनी दुसरी डिस्क नाकाशी नेली. "हिला भाजीचा वास येतोय."

"थोडाच वेळ ठेवली होती," मामा पुटपुटले.

"ही सोडा," फोडलेली डिस्क बाजूला सारत बाई म्हणाल्या. "हिच्यातून देवही काही काढणार नाही. हिच्यातून मी बघते. एकेक कण वाचत जावं लागेल, जिथे अडेल तिथे सोडून पुढे जायचं. वेळ लागेल, आणि कबूल काहीच करत नाही. काय हवंय नेमकं?"

मी बोलायच्या आत मामा म्हणाले, "माझ्या नातीची पहिली दोन वर्षं." आणि मग, सवयीने, "बाकी माल नाही आला तरी चालेल."

जिना उतरताना ते मध्येच थांबले. खाली कुणीतरी टायरमध्ये हवा भरत होतं. त्या फुसफुसाटात मामा म्हणाले, "ती मला फोनवर घेत नाही रे. रोज करते फोन, पण आईशीच बोलते. मी शेजारी बसलेला असतो." मी म्हटलं, येईल वळणावर. मला स्वतःला मात्र तसं काही वाटत नव्हतं. दोन वर्षं परत कुठून आणायची?

पुढचे काही आठवडे मामांचा रंगच उडाला. भाजीवाल्याकडचे टोमॅटो न दाबता घेऊन आले. एकदा चहाच्या कपाचा टवका उडालेला दिसला तरी त्यातूनच प्यायले. मामी मला म्हणाली, "हे असेच राहिले तर मला करमायचं नाही रे. जा बाबा, त्या बाईंना घाई कर."

शेवटी बाईंचा फोन आला. आम्ही गेलो. त्यांनी एक नवी डिस्क टेबलावर ठेवली.

"आलं," त्या म्हणाल्या. मामांचा जीव भांड्यात पडला तो दिसलाच. "पण आलंय ते वेगळंच. नावं, तारखा, कप्पे काही नाही, सगळा एकच ढीग. आणि एक विचारू? तुम्ही फोटो डिलीट करत होता?"

"दोष असलेले."

"ते जवळजवळ सगळे आलेत."

मामांना काही कळेना. "आणि पास झालेले?"

"थोडे. असं बघा, डिलीट केलं म्हणजे दारावरची पाटी काढली, घर जागेवरच राहतं. डिस्क मोठी होती, तिला ती जागा परत वापरायची गरज पडली नाही. पण जे तुम्ही तारीख छापून परत सेव्ह केलेत, ते दर वेळी नव्या जागेत गेले. आणि डिस्क मेली ती नेमकी त्याच भागात. हात लावला नसतात तर तेही आले असते."

घरी येईपर्यंत मामांनी ती नवी डिस्क दोन्ही हातांनी मांडीवर धरून ठेवली.

ताई लेकीला घेऊन त्या रविवारी आली. वडिलांना वाकडंतिकडं काही बोलली नाही, पण नीटही काही बोलली नाही. पर्स खांद्यावरून न काढताच सोफ्याच्या कडेला बसली. मी लॅपटॉप टीव्हीला जोडला. मामा गोदामाचे व्यवस्थापक, म्हणून लॅपटॉप त्यांच्या मांडीवर दिला. मामी हात पुसत येऊन दाराशी टेकली, आणि आता चार वर्षांची झालेली नात टीव्हीच्या अगदी पुढ्यात मांडी घालून बसली.

पहिला फोटो आला तो अर्धा पाळणा आणि कुणाचा तरी कोपर. दुसरा नुसता काळा. तिसऱ्यात ताईची लेक, अगदी तान्ही, मामीच्या मांडीवर. मामीचे डोळे मिटलेले. समोर कॅमेरा आला की मामीचे डोळे मिटतातच, मग एक दोन तीन म्हणा नाहीतर काही म्हणा.

"आजी झोपली," नात म्हणाली.

पुढच्यात मामी तिला दुपट्यात गुंडाळत होती, डोळे मिटून. त्याच्या पुढच्यात भरवत होती, डोळे मिटून. मग कडेवर घेऊन खिडकीत, मग तापात कपाळावर पट्टी ठेवताना, मग पहिलं पाऊल टाकणाऱ्या पोरीपुढे दोन्ही हात पसरून जमिनीवर ओणवी.

"इथे पण झोपली. आजी, तू किती झोपतेस!"

आम्ही हसलो. मामीही हसली. ताईने पर्स खांद्यावरून काढली आणि खाली ठेवली. ती हसत नव्हती. फोटो येत गेले, आणि तिला जे दिसायला लागलं होतं ते हळूहळू मलाही दिसलं. सबंध दोन वर्षं ते मूल जिच्या हातावर वाढलं ती बाई प्रत्येक फोटोत होती, आणि यातला प्रत्येक फोटो नापास होता. मग तारीख छापलेले, पास झालेले थोडे आले. स्वच्छ, सरळ, डोळे उघडे. नात एकटी, नात आणि ताई, नात आणि जावई, नात आणि खेळण्यातला हत्ती. मामी एकातही नाही.

"बाबा," ताई म्हणाली. किती आठवड्यांनी तिने त्यांना हाक मारली होती. "हे सगळं धड राहिलं असतं ना, तर हिला मोठेपणी मी काय दाखवलं असतं? की तुझ्या लहानपणी आजी नव्हतीच?"

मामा पडद्याकडे बघतच म्हणाले, "मुद्दाम नाही केलं गं. दोष म्हणूनही नाही. डोळे मिटलेला हिचा फोटो समोर यायचा, आणि ही तिकडे, मी इकडे एकटा. वाटायचं, गेलीच ही. बघवायचं नाही, म्हणून काढून टाकायचो."

मग दाराशी टेकलेली मामी म्हणाली, "म्हणजे मी मेलेली दिसू नये, म्हणून मला घरातूनच काढलंत होय?"

मामांनी पुढचा फोटो लावला, बहुधा विषय बदलावा म्हणून.

पडद्यावर मामा आले. ते नातीला बघायला गेले होते तेव्हाचे. ताईच्या घरातली आरामखुर्ची, मामांची मान मागे पडलेली, तोंड सताड उघडं, कवळी काढलेली. छातीवर मुठीएवढी नात पालथी झोपलेली आणि तिच्या सबंध पाठीवर मामांचा हात. फोटो थोडा हललेला होता आणि एका कोपऱ्यात कुणाचं तरी मोठं गुलाबी बोट होतं.

"आजोबा पण झोपले," नातीने निकाल दिला.

"हा कुणी काढला?" ताईने विचारलं.

"मी," मामी म्हणाली. "बरेच दिवसांनी गप्प दिसले, म्हणून काढला."

"डोळे मिटलेले," मामा पुटपुटले. "तोंड उघडं. हललाय. बोटही आलंय." आणि बोलता बोलता त्यांचं स्वतःचं बोट सवयीने डिलीटच्या बटणावर गेलं.

"अहो," मामी म्हणाली.

बोट थांबलं. मामांनी आधी बोटाकडे बघितलं, मग पडद्याकडे, मग तिच्याकडे. लॅपटॉप मांडीवरून उचलून त्यांनी स्टुलावर ठेवला आणि तिच्याकडे सरकवला. "तू सांग," ते म्हणाले. "मला नाही जमत आता."

मामी पुढे आली. नातीला ओलांडून टीव्हीपाशी गेली, त्याच्या कडेवरून सावकाश बोट फिरवलं, कान जवळ नेला आणि काचेवर नखाने एक टिचकी मारली.

"पास," ती म्हणाली, आणि पदराने काचेवरचा डाग पुसून पुढचा फोटो लावायला वळली.